समजा, दोरी लांब केली

“समजा, ही दोरी दुप्पट लांब केली. तर खडा कसा झुलेल?” विज्ञानाच्या बाईंनी विचारलं.

दोरीला बांधलेला खडा टेबलाच्या कडेला झुलत होता. दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. “पण केली नाहीये ना, बाई.”

वर्ग फिस्सकन हसला. वर्गाने तिचं नाव ‘पुरावा’ ठेवलं होतं ते काही उगीच नाही. वस्तू हातात दिली की तिच्याइतकं चोख उत्तर कोणाचं नसे, पण ‘समजा’ म्हटलं की स्वारी ढिम्म.

एरवी बाई खेकसल्या असत्या. आज मनातून हरखल्या. शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्या नुकतंच शिकल्या होत्या की मुलांची बुद्धी पायऱ्या चढत वर येते. आधी डोळ्यांपुढे आहे तेवढ्याचाच विचार करता येतो आणि पुढे, वयात येताना, नसलेल्या गोष्टींचाही. तेव्हापासून बाईंना जो तो पायरीवर बसलेला दिसे. नवऱ्यालाही त्यांनी एक पायरी देऊन टाकली होती, आणि ती फार वरची नव्हती. पंधरा वर्षांची ही मुलगी तर अजून खालीच होती. पुढच्या वर्षी तिला सोप्या तुकडीत घालायचं, असं त्यांनी ठरवलं. त्या तुकडीतून पुढे विज्ञानाला जाता येत नसे.

दुसऱ्या दिवशी, बाईंच्या निरोपावरून, मुलीचे वडील आले. चौकात चाव्या बनवून देणारा माणूस, बोटांच्या पेरांत पितळेचा कीस. मुलीला व्हरांड्यात उभं करून बाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, अगदी पायऱ्यांसकट.

“तिला ‘समजा’ म्हणता येत नाही,” बाई म्हणाल्या. “तिची बुद्धीच तिथवर पोचलेली नाही.”

वडिलांनी मान खाली घातली. “बाई, तो शब्द मी बिघडवलाय.”

“म्हणजे?”

“तिची आई तापात दवाखान्यातच वारली. पोर तेव्हा दहा वर्षांची होती. माझ्या तोंडातून काही निघेना. खोटंही बोलवेना. मग म्हटलं, समज, आई मावशीकडे गेलीय.” त्यांनी बोटांवरचा कीस चोळला. “नुसतं ‘समज’ म्हणालो हो. तिला वाटलं, मी खरंच सांगतोय. रोज शाळेतून आली की उंबऱ्यात बसायची. मी रोज बघत होतो, आणि रोज तेच म्हणत होतो. शेवटी शेजारच्या पोरीने खरं काय ते सांगितलं.”

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. हा शब्द बाई दिवसातून पन्नासदा त्या पोरीच्या तोंडावर मारत होत्या आणि वर तिची पायरी मोजत होत्या!

मग त्यांनी मुलीला आत बोलावलं. ड्रॉवरमधून दोरी काढली. “बघ, समज—” त्यांनी जीभ चावली. “ही दोरी दुप्पट लांब असती तर?”

मुलीने दोरी हातात घेतली.

“असती तर,” ती हळूच म्हणाली. “म्हणजे नाहीये, हे तुम्हीच सांगताय. मग ठीक आहे.” आणि ती थांबलीच नाही. “खडा हळू झुलला असता. खडा जड असता तर काय, ते करून बघावं लागेल. पण तेव्हा दोरी एवढीच ठेवायची. दोन्ही बदललं तर कशामुळे झालं ते कळणार कसं?”

बाई थक्क झाल्या. वर्गातल्या एकानेही आजवर असं उत्तर दिलं नव्हतं. सोप्या तुकडीची गोष्ट तिथेच संपली.

“शाब्बास,” त्या कशाबशा म्हणाल्या. “आता तू एक प्रश्न विचार. असाच.”

मुलीने वडिलांकडे पाहिलं. पाच वर्षांत घरात ज्या माणसाचं नाव निघालं नव्हतं, ते तिने साध्या आवाजात काढलं.

“आई असती, तर आज शाळेत कोण आलं असतं?”

वडिलांनी दोन्ही हात गुडघ्यांवर पुसले.

“तीच आली असती,” ते म्हणाले. “मी दुकान सोडून येतो का कधी?”