कालवणाचा नारळ

जाळावरचं मडकं किंचाळलं आणि खळ्यात जमलेली अख्खी वाडी दोन पावलं मागे सरली. आयाबायांनी पोरांचे डोळे झाकले. झाकणाच्या भोकावर निळी-पिवळी ज्योत थयथय नाचत होती आणि मडक्याच्या कुशीतल्या नळीतून काळं, चिकट काहीतरी वाटीत ठिबकत होतं.

"बा देवा म्हाराजा!" भागोजीबुवाने गाऱ्हाणं घातलं. "ह्या लेकरात जी काय बाधा शिरली आसंल..."

"व्हय म्हाराजा!" वाडी ओरडली.

"ती नारळात उतरवली, करवंटीसकट जाळली, आता तिचं रगत गळतंय!"

"व्हय म्हाराजा!"

बाधेला रक्त असतं आणि ते नळीने बरोबर वाटीत पडतं, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. भ्यालेल्या माणसाला कसलं आलंय नवल!

विमला तर पार गारठली होती. मांडीवर सहा वर्षांची निशिगंधा. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या शिमग्यापासून पोरीला झटके यायचे. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, झटके थांबलेही. मग हा बुवा पूर्णगडच्या बाजूने वाडीत उगवला आणि म्हणाला, गोळी पोटात असली की बाधा सुटत नाही. नवरा मुंबईला, विचारायचं कुणाला? तिने गोळ्या बंद केल्या. आता वाटीतलं ते काळं रक्त पोरीला पाजायचं होतं.

तेवढ्यात सासू काशी दारातून खुणावू लागली. विमलाने पोर शेजारच्या इफ्फतबाईंच्या मांडीवर दिली. बाई हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. मघाशी त्या बुवाला अडवायला गेल्या, तर लोकांनीच त्यांना गप्प बसवलं होतं.

आत काशीने तिला फडताळापाशी ओढलं. "विमल, घात झाला गो! बुवानं उतरवलेला नारळ मला फोडायला सांगितलान. भ्यानं माजं हातच चालंनात. कालवणाला आणलेला नारळ फोडून त्याची करवंटी दिली मी. उतरवलेला ह्यो बघ, तसाच हाय!"

फडताळात नारळ होता. शेंडीला बुवाने लावलेलं कुंकू.

विमलाच्या अंगावर सरसरून काटा आला. म्हणजे बाधा अजून घरातच! तिला रडू फुटलं. आणि रडता रडताच तिच्या मनात आलं, मग बाहेर किंचाळलं कोण?

ती नारळ पदराखाली घेऊन खळ्यात आली. "म्हाराज, बाधा जळली?"

"तुज्या डोळ्यांदेखत! ऐकलंस नाय कशी बोंबलली?"

"मग ह्यात काय हाय?" तिने नारळ पुढे ठेवला. "तुमी उतरवलेला ह्यो. मडक्यात कालवणाची करवंटी हाय."

बुवाने नारळ बाजूला सारला. "बाधा... बाधा हवेतून जाते!"

"बांगड्याच्या कालवणात गेली आसंल!" मागून कुणीतरी म्हणालं.

इफ्फतबाई बोलू लागल्या. "अहो, बंद मडक्यात हवा नाही, म्हणून करवंटी पेटत नाही, भाजून तिचा धूर होतो. धूर बारीक भोकातून जोरात सुटला की शिट्टी वाजते, पेटला की ज्योत दिसते. नळीला ओलं फडकं गुंडाळलंय, तिथे तो निवतो आणि तेल होऊन गळतो. खाली उरतो कोळसा. भाताच्या तुसाचं, पेंढ्याचंही असंच होईल. कोळसा कुटून शेणखतातून शेतात घाला, तेल कुंपणाच्या खांबांना फासा. पण हे पोरीला पाजलंत तर घसा भाजून निघेल तिचा!"

तेवढ्यात त्यांच्या मांडीवरच्या निशिगंधाचे डोळे फिरले. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. वाडी पुन्हा मागे सरली.

"बघा! पाज, पाज लवकर!" बुवाने वाटी उचलली.

विमलाची भीती कुठे गेली होती? ती तिथेच होती. तरी तिने वाटीला असा फटकारा मारला की तेल बुवाच्याच धोतरावर सांडलं. पोरीला कुशीवर वळवून ती शेजारी बसली. कांदा हुंगवायला धावलेल्या बाईलाही तिने हाताने थांबवलं, "काय नको, दाबून धरू बी नका. डाक्टरांनी सांगितलंय." झटका ओसरला. पोर "आये" म्हणाली, तेव्हा विमला ओक्साबोक्शी रडली.

रिक्षा आली. रत्नागिरीला निघताना तिने खळ्यातल्या बायांकडे पाहिलं. त्यांतल्या कितीजणींची पोरं गोळ्या सोडून बुवाच्या रांगेत होती!

"बायांनो, मलाबी भ्या वाटतंय," ती म्हणाली. "वाटू दे. पण पोरांची गोळी चुकवू नका."