हनुवटीचा रंग

“दीदी, बघ ना! पूरा भर गया!” दवाखान्यातल्या आरशापासून वळून नीलिमाने हनुवटी पुढे केली.

कलावतीने पाहिलं. वर्षापूर्वी तिथे चुना सांडल्यासारखा डाग होता. आता त्यावर गव्हाळ रंग सारखा पसरला होता.

“हव, भरलं,” ती म्हणाली आणि तिने आपले हात पदराखाली घेतले.

दोघी सख्ख्या बहिणी. कोड दोघींनाही निघालं, धाकटीच्या हनुवटीवर, थोरलीच्या बोटांवर. डॉक्टर एकच, मलम एकच, प्रकाशाचं मशीनही एकच. कलावती गुढ़ियारी मोहल्ल्यात वेगळी राहून ब्लाउज शिवायची. तिची पांढरी बोटं टेप घेऊन पाठीवर टेकली की नव्या बाया अंग चोरायच्या.

“मलेच काहून नाही, मॅडम?” नीलिमा बाहेर गेल्यावर तिने विचारलं.

डॉ. कौमुदी नागपूरच्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात ना आपल्या अंगात, त्यांतल्याच काही चुकून रंग बनवणाऱ्या पेशींवर उठल्यात. औषधानं त्यांना आवरता येतं. पण नवा रंग येतो तो मुख्यतः केसांच्या मुळांतून. चेहऱ्यावर लव असते. बोटांच्या टोकांना केसच नाहीत, कलावतीताई. तिथं फार कठीण.”

कलावतीला आजाराचा राग आला नाही. नीलिमाचा आला.

पुढे नीलिमाचं लग्न ठरलं. यशदीप उरला भागातल्या कारखान्यात सुपरवायझर, मुलगा चांगला. साखरपुड्याच्या गडबडीत नीलिमा दवाखान्यात आली नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, “बहिणीला सांगा, मलम एकदम सोडू नको. डाग गेला तरी त्या पेशींतल्या काही कातडीत तिथंच राहतात. जागा विसरत नाहीत. अधूनमधून लावायचंच.”

“सांगते,” कलावती म्हणाली.

संध्याकाळी नीलिमाचाच फोन आला. “दीदी, मलम संपलं. मॅडम काय म्हणाल्या? आणू का अजून?”

कलावतीच्या मांडीवर नीलिमाचीच साखरपुड्याची साडी होती, फॉल लावायला आलेली. जरीवर आपली बोटं तिला जास्तच पांढरी दिसली.

“काही नाही म्हणाल्या. तुझं तर भरलं न आता.”

लग्नाच्या ब्लाउजचं फिटिंग बघायला नीलिमा आली ती ऐन उन्हाची. घाम पुसताना हनुवटीवरचा पावडरचा थर रुमालाला लागला. खाली डाग होता. तीच जागा, तोच आकार.

कलावतीला बरं वाटलं. क्षणभरच, पण खरंच बरं वाटलं.

“परत आलं, दीदी,” नीलिमा हळूच म्हणाली. “घरी कोणाले माहीत नाही. तुझ्याशिवाय कोणाले दाखवू?”

कलावतीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने एकेक काढून ठेवल्या.

“मॅडमनं सांगितलं होतं, मलम सोडू नको म्हणून. तुले सांगायला लावलं होतं. मीच नाही सांगितलं.”

“भूल गयी थी?”

“नाही.”

नीलिमा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग नजर खाली, तिच्या हातांकडे गेली आणि तिथेच थांबली. ती रडेल, भांडेल, म्हणून कलावती वाट पाहत होती. नीलिमाने अर्धवट टाचलेला ब्लाउज उतरवला, आपला कुर्ता घातला, ब्लाउजची नीट घडी केली आणि मशीनवर ठेवली.

“कब तक हो जाएगा?” तिने विचारलं. “आप बता दीजिए, मैं किसी को भेज दूँगी.”

आजवर तिने कलावतीला कधी ‘आप’ म्हटलं नव्हतं.

“गुरुवारी,” कलावती म्हणाली. “मलम आजपासून लाव. मॅडमला दाखव. पुन्हा जातं ते.”

नीलिमाने मान हलवली. उन्हासाठीचा स्कार्फ डोळ्यांखालून घट्ट बांधला आणि स्कूटी सुरू केली.

कलावती दारात आली. रस्त्यावरून जाणाऱ्या साऱ्याच पोट्ट्या तोंडं बांधून चालल्या होत्या. त्यांतली नीलिमा कोणती, ते थोड्या वेळाने तिला ओळखू येईना.