फुग्याची शेपूट कुणाकडे

आमच्या घरी तिघं मिळून कॉमिक्स काढतो. गोष्ट धाकटा भाऊ लिहितो, चित्रं बाबा काढतात आणि बोलण्याच्या फुग्यांत अक्षरं मी भरते. फुग्याची शेपूट मात्र बाबांचीच, आणि तिच्याबद्दल त्यांचा एक हट्ट आहे. शेपूट तोंडाकडे नाही, शब्द ज्याचे त्याच्याकडे गेली पाहिजे. पडद्यामागून कुणी पढवत असेल, तर ती वळसा घालून पडद्यामागे जाते.

यंदाच्या अंकात धाकट्याने घोळ घातला. आमची नायिका मनकवडी आजवर फक्त मनं वाचायची, आता ती फिरवायलाही लागली. खलनायकाच्या दारावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याकडे ती नुसतं बघते आणि तो किल्ल्या देऊन म्हणतो, "माझं मीच ठरवलं. आता घरी जाऊन आराम करतो."

"हा सरळसरळ दरोडा आहे," मी म्हटलं.

"रक्ताचा एक थेंब तरी सांडला का? उलट म्हातारा खूश आहे."

"ठोसा खाल्लेल्याला निदान कळतं तरी की आपण ठोसा खाल्ला. याला तेवढंही कळणार नाही."

"त्याच्या भल्यासाठीच आहे, ताई."

मग मी त्याला तासभर फैलावर घेतलं आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ते हे असं. कारण त्याच महिन्यात आम्ही दोघं बाबांचं मन फिरवत होतो. त्यांचा हात थरथरायला लागलाय. अंक उशिरा जातात, वाकड्या रेषा मी गुपचूप सरळ करते. "आता थांबा" म्हणायची हिंमत दोघांतही नाही. म्हणून खिडकीशी आरामखुर्ची आली, टेबलावर फुलझाडांच्या बियांची पाकिटं आली आणि निवृत्त झाल्यावर शेजारी किती गुटगुटीत झालाय, हे रोज जेवताना सहज निघू लागलं. परवा चहा घेताना बाबा म्हणाले, "मला वाटतं, मी आता थांबावं." धाकट्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. "तुम्हालाच वाटत असेल तर..." असं म्हणत मी बिस्किटं पुढे केली. एवढा साळसूदपणा माझ्यात कुठून आला, देव जाणे.

आज शेवटचं पान माझ्याकडे आलं. फुगा पहारेकऱ्याच्या डोक्यावर होता. शेपूट मनकवडीकडे जाणार, हे मी धरूनच चालले होते. पण ती मनकवडीलाही ओलांडून गेली, चौकट फोडून कोऱ्या समासात उतरली आणि तिथे तिचे दोन फाटे झाले. एका फाट्याच्या टोकाला पेन्सिल चावणारा माणूस, दुसऱ्याच्या टोकाला डोक्यावर चष्मा चढवलेली बाई. बाईचं नाक जरा जास्तच मोठं होतं.

धाकटा मटकन खुर्चीत बसला. "बाबांना कधी कळलं?"

"बियांच्या पाकिटांवरून," बाबा दारातून म्हणाले. "या घरात कुणी झाडाला पाणी घातलेलं मी अजून पाहिलं नाही."

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. "बाबा, तुमचा हात थरथरतो," मी म्हटलं. "तुमच्या रेषा मी सरळ करते, तुम्हाला न सांगता. अंक बंद पडेल, याची आम्हाला भीती वाटते. तुम्हाला काय हवंय?"

"हात थरथरतो ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "रेषांचं ठाऊक नव्हतं."

मग ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"पहारेकऱ्याचं वाक्य खोड. लिही: थकलोय खरा. पण किल्ल्या मी माझ्या हाताने देईन, आणि आज नाही."

मी लिहिलं. त्यांनी जुनी शेपूट पुसली आणि पहारेकऱ्याच्या तोंडाकडे नवी काढली. ती थरथरत, वाकडी आली. सवयीने माझा हात रेषा झाकायच्या पांढऱ्या रंगाच्या बाटलीकडे गेला होता. मी झाकण घट्ट लावलं आणि ती रेषा जशी होती तशीच शाईने गिरवली.