दोन कुलुपांचं दार

आमचा ओढा नदीला मिळतो तिथल्या लोखंडी दाराला दोन कुलुपं आहेत. ओढ्याच्या अलीकडे वेल्स, पलीकडे इंग्लंड. पूर्वी एकच किल्ली होती आणि ती बाबांच्या खिशात असायची. नदी फुगली की ते जाऊन चाक फिरवून दार खाली पाडायचे, म्हणजे नदीचं पाणी उलटं ओढ्यात शिरून घरांत यायचं नाही. मग आमचा पुराचा कारभार कार्डिफकडे, वेल्सच्या सरकारकडे आला, पलीकडचा लंडनकडेच राहिला आणि दोन्हीकडच्या साहेबांनी आपापलं कुलूप ठोकलं. आता आमची किल्ली माझ्याकडे, त्यांची पलीकडे राहणाऱ्या नॉर्मन टजकडे. दोन्ही उघडल्याशिवाय दाराचं चाक फिरत नाही. याला म्हणे समन्वय.

त्या दुपारी मला दार पाडायचा निरोप आला. घरात मी आणि बाबा दोघंच. बाबा कंबर मोडल्यापासून खालच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. मी किल्ली घेऊन धावले, माझं कुलूप काढलं. पलीकडे नॉर्मन छत्री धरून नुसता उभा.

"तुझ्या कार्डिफवाल्यांना भारी घाई गं, मेरेरिड," तो म्हणाला. "आमच्या साहेबांकडून अजून काही निरोप नाही."

"नॉर्मन, पाणी एकच आहे हो."

त्याने खिशातून फोन काढला. गेल्या वर्षी मी माझं कुलूप काढल्यावर त्याने वरच्यांना न विचारता दार पाडलं, तर नदी त्यांच्या बाजूला पसरली, कुणाच्या तरी मेंढ्या वाहून गेल्या आणि याला चौकशीला उभं राहावं लागलं. तो फोन लावत राहिला. थांबा, बघतो, एवढंच उत्तर. मला त्याचा राग आला, पण भीती जास्त वाटत होती. पाणी आमच्या कुंपणातून आत शिरत होतं. मी घराकडे पळाले.

बाबांच्या पलंगाखालचा गालिचा भिजला होता. दार पडलं का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांना उचलायला गेले, पण मला ते पेलवेनात. पाणी घोट्याशी आलं.

तेवढ्यात पूल ओलांडून नॉर्मन आत आला, चिंब भिजलेला.

"कुलूप उघडायची मला परवानगी नाही," तो म्हणाला. "माणूस उचलायला ती लागत नाही. खांद्याला धर."

आम्ही बाबांना जिन्यावरून वर नेलं. तिघंही खिडकीशी बसलो. दाराचं चाक केव्हाच बुडालं होतं. जिन्याच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा नॉर्मनच्या खिशात फोन वाजला. त्याने ऐकलं आणि हात खाली सोडला.

"दार पाडा म्हणतायत."

बाबा माझ्याकडे बघत राहिले.