धाकट्याचं राखीव रेकॉर्डिंग

इस्त्रीच्या टेबलावर दोन लॅपटॉप, त्यांच्या मध्ये फोन, आणि खाली वायरींचं असं जंजाळ की नवऱ्याला चहासुद्धा दारातूनच हात लांब करून द्यावा लागला. आज कपडे धुवायचं मशीन लावायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, दाराची बेल काढून ठेवलेली. "परीक्षेच्या हॉलमध्येही एवढा बंदोबस्त नसतो," असं तो पुटपुटला. तिने ओठांवर बोट ठेवताच मुकाट्याने आत गेला.

हॉलच होता तो. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या ऑनलाइन परिषदेचा मुख्य हॉल. आपण लिहिलेलं सॉफ्टवेअर कुणीही वापरावं, आतून उघडून पाहावं, हवं तसं बदलावं, असं मानणारी ही माणसं. सगळी हौशी, सगळी आपापल्या घरी बसलेली, नोकऱ्या सांभाळून, पदरमोड करून परिषद भरवणारी. आणि मानी किती! 'फुकटचं ते असंच असायचं' हे वाक्य जन्मभर ऐकून त्यांचे कान किटलेत. त्यामुळे कुणाचा आवाज जरा खरखरला तरी घरची अब्रू गेल्यासारखे चेहरे होतात. या हॉलची सूत्रं हिच्या हातात, म्हणून तिला सगळे हॉलताई म्हणत. एरवी ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना 'श्वास रोखा, हलू नका' सांगायचं हे तिचं काम, आणि आज सकाळपासून तिचा स्वतःचाच श्वास रोखलेला होता.

कारण पुढचा वक्ता तिचा धाकटा भाऊ होता.

धाकट्याला जन्मापासून दिसत नाही. हे सांगितलं की लोकांचा आवाज आपोआप मऊ होतो, आणि तो मऊ झाला की धाकट्याचं डोकं फिरतं. नाकावर माशी बसू द्यायचा नाही असा त्याचा स्वभाव. त्याने एक प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर जे येईल ते आपल्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवणारा. असे प्रोग्राम होते बाजारात, पण ते आपली भाषा परकी पाहुणी आल्यासारखी बोलायचे. धाकट्याचा मात्र घरच्यासारखा बोलायचा, आणि अडला तर कुठे अडला हे कुणालाही उघडून बघता यायचं.

आज ते ऐकायला अंध मुलांच्या एका निवासी शाळेच्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या. शाळेला नवा प्रोग्राम घ्यायचा होता. एका बड्या कंपनीचा विकतचा, नाहीतर धाकट्याचा. आजचं प्रात्यक्षिक पाहून त्या ठरवणार होत्या. शाळेने घेतला तर धाकट्याच्या एवढ्या वर्षांच्या कामाला शंभर-दीडशे मुलं मिळणार होती. नाही घेतला तर तो प्रोग्राम त्याच्या एकट्याच्या खोलीत बडबडत राहणार होता.

परिषदेचा एक नियम होता. प्रत्येक वक्त्याची आधी तालीम घ्यायची आणि ती रेकॉर्ड करून राखीव ठेवायची. ऐन वेळी वक्त्याची लाइन गेली तर हे रेकॉर्डिंग लावायचं, आणि वर पिवळी पट्टी दाखवायची: 'हे आधीचं रेकॉर्डिंग आहे.' पट्टीशिवाय राखीव लावायचं नाही. लोकांना फसवायचं नाही म्हणजे नाही.

धाकट्याने राखीवच नाकारलं होतं. "अगं, माझं भाषणच मुळी आत्ता, इथं, समोर असं आहे. लोक पाटीवर वाट्टेल ते लिहिणार आणि माझं पोरगं ते वाचणार. कालचं वाचलेलं दाखवण्यात काय मतलब?"

आपल्या प्रोग्रामला तो पोरगंच म्हणायचा. पाटी म्हणजे परिषदेची सामायिक पाटी. पडद्यावरचं एक कोरं पान, त्यावर एकाच वेळी कुणीही काहीही लिहू शकायचं. तालमीच्या दिवशी मात्र पाटीवर लिहायला ती एकटीच होती. दूध उतू गेलं, मांजर सोफ्यावर झोपलंय, सुचेल ते तिने लिहिलं आणि पोराने ते झकास वाचलं. तालीम इतकी सुंदर झाली की धाकटा स्वतःवरच खूश होऊन शीळ घालायला लागला. आणि तिने, त्याला 'नाही ठेवत राखीव' असं तोंडभरून सांगून, रेकॉर्डचं बटण दाबलेलं होतं.

तिला दोष देणं सोपं आहे. पण मागे एका सभेत धाकट्याचं प्रात्यक्षिक मध्येच अडकलं, तेव्हा ती शेजारी उभी होती. कुणाचा तरी माईक चालू राहिला होता आणि त्यातून स्पष्ट ऐकू आलं होतं, "अरेरे, बिचारा." धाकटा ते हसण्यावारी घेऊन विसरला. ती नाही विसरली. तो 'बिचारा' शब्द तिच्या घशात अडकून बसला होता. तेव्हापासून तिने ठरवलं होतं की पुन्हा कुणाच्या तोंडून तो निघू द्यायचा नाही, मग काहीही करावं लागो. सकाळी धाकट्याने फोन करून विचारलं होतं, "ताई, कुठला शर्ट घालू?" तिने सांगितलं, "जाड कापडाचा, निळा. तोच तुला शोभतो." तालमीला त्याच्या अंगात तोच शर्ट होता. राखीव लावावं लागलं तर जुन्या-नव्याचा सांधा दिसू नये, म्हणून. हे तिने मनातल्या मनातसुद्धा नीट उच्चारलं नव्हतं.

भाषण सुरू झालं. धाकटा फर्डा बोलत होता, विकतच्या प्रोग्रामांची टोपी उडवत होता, लोक चॅटमध्ये हसत होते. "आता पाटी उघडा," तो म्हणाला, "आणि लिहा मनाला येईल ते. माझ्या पोराला कुणाची भीडभाड नाही."

आणि त्याच क्षणी त्याचं चित्र थिजलं. तोंड अर्धं उघडं, हात हवेत.

"गेला," कानातल्या हेडफोनमध्ये लिफ्टवाला म्हणाला. हा पडद्यामागचा गडी. पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि परिषदेचे सगळे सर्व्हर त्याच्या जिवावर चालायचे. "त्याच्या घरचं नेट पडलंय. आपल्याकडे सगळं ठीक आहे. हॉलताई, दोन शब्द बोलून घ्या लोकांशी, तोवर तो येईल."

चॅटमध्ये पहिलं वाक्य उमटलंही होतं: 'अरेरे, काय झालं?' अरेरे. तो शब्द बघितला आणि तिचा हात पुढे गेला. राखीव रेकॉर्डिंग. बरोबर तिथून, जिथे तो म्हणतो, 'लिहा मनाला येईल ते.' चित्र हललं. निळा शर्ट, तीच खुर्ची, तेच हसणं. सांधा कुणाच्या लक्षातही आला नाही. पट्टीचं बटण शेजारीच होतं. तिने ते दाबलं नाही.

"आला की!" लिफ्टवाला म्हणाला. मग थांबला. "हॉलताई, त्याची लाइन तर अजून तुटलेलीच दिसतेय. हे राखीव आहे का?"

"हो."

"मग पट्टी?"

तिने नजर पाटीवर ठेवली.

"पट्टी लावा, हॉलताई."

"लावते," ती म्हणाली आणि लावली नाही.

तेवढ्यात मधला फोन थरथरायला लागला. धाकट्याचा फोन. उचलला असता तर त्याला सांगावं लागलं असतं की तू इथे आहेस, बोलतो आहेस, छान चाललंय तुझं. तिने फोन उचलला नाही. तो थरथरत थरथरत लॅपटॉपला जाऊन भिडला आणि थांबला. पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. लाइन आली की याला हळूच आत घ्यायचं, राखीव बंद करायचं, कुणाला कळणारही नाही, असं ती स्वतःला समजावत होती.

पण पाटी भरायला लागली होती. लोक उत्साहाने लिहीत होते. कुणी कविता लिहिली, कुणी घराचा पत्ता. आणि पडद्यावर धाकटा अभिमानाने कान टवकारून बसला होता, आणि त्याचं पोरगं ठणठणीत आवाजात वाचत होतं, "दूध उतू गेलं."

चॅटमध्ये हशा पिकला. कुणीतरी विचारलं, हे कुणी लिहिलं? कुणीच लिहिलेलं नव्हतं. हा मुद्दा तिच्या डोक्यात आलाच नव्हता. सांधा दिसू नये म्हणून शर्टापर्यंत विचार करणाऱ्या बाईला पाटीवरची वाक्यं बदलणार हे सुचलं नव्हतं.

मग मुख्याध्यापिकांनी लिहिलं. त्यांच्या नावासमोर अक्षरं सावकाश उमटत गेली: 'मी शाळेतून लिहिते आहे. माझ्या शेजारी आमच्या दोन विद्यार्थिनी आहेत. कृपया त्यांना नमस्कार म्हणा.'

"मांजर सोफ्यावर झोपलंय," प्रोग्राम म्हणाला. आणि धाकटा खुशीत हसला, "बघा! कसं वाचलं?"

आता कुणी हसलं नाही. पाटीवर मुख्याध्यापिकांचा पुढचा प्रश्न आला: 'हे आत्ता चाललं आहे का?'

नवरा दारात येऊन उभा होता, त्याला काही कळत नव्हतं पण तिचा चेहरा कळत होता. तिने रेकॉर्डिंग थांबवलं. पडदा काळा झाला. मग तिने आपला माईक चालू केला, कॅमेरा चालू केला, आणि सगळ्या हॉलसमोर तोंड दाखवलं.

"मी हॉल सांभाळते," ती म्हणाली. "वक्त्यांची लाइन मघाशीच गेली. तुम्ही आत्ता जे पाहिलं ते रेकॉर्डिंग होतं. पट्टी मी लावली नाही. विसरले नाही, लावलीच नाही. वक्ते माझे धाकटे भाऊ आहेत. त्यांनी राखीव ठेवू नका म्हणून बजावलं होतं. मी चोरून ठेवलं. प्रोग्राम खरा आहे, त्यात खोट नाही. खोटं मी केलंय. लोक त्याला बिचारा म्हणतील म्हणून मी घाबरले."

हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं असं म्हणावं, तर तीनशेच्या वर माणसं बसलेली होती.

"कसलं रेकॉर्डिंग?"

धाकट्याचा आवाज. फोनच्या लाइनवरचा, बारीक, पण त्याचाच. तिने फोन उचलला नाही म्हणून त्याने लिफ्टवाल्याला फोन केला होता, आणि लिफ्टवाल्याने त्याला फोनवरूनच सभेत घेतलं होतं. केव्हापासून तो ऐकत होता, तिला ठाऊक नव्हतं.

"ताई, कसलं रेकॉर्डिंग?"

"तालमीचं," ती म्हणाली.

तो भांडेल असं तिला वाटलं, आणि तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. लहानपणापासून दोघं कडाकडा भांडत आली होती, भांडून मोकळी होत आली होती. पण तो तिच्याशी बोललाच नाही. तो हॉलशी बोलला.

"नेट नाही माझ्याकडे, चित्र दिसणार नाही. तुम्हालाही आज माझ्यासारखंच ऐकावं लागेल. फोनच्या नेटवर जेमतेम पाटीपुरतं येतंय. फोन स्पीकरला लावतो. बाई, तुम्ही काय लिहिलं होतं?"

"तेच आहे पाटीवर," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

खुडखुड झाली, काहीतरी पडलं, आणि मग प्रोग्रामचा आवाज आला, लांबून, डब्यातून यावा तसा. मुख्याध्यापिकांचं वाक्य त्याने पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. पाटीवरचा कुणाच्या तरी घराचा पत्ता वाचताना मात्र तो घसरला. पिन कोडचे आकडे त्याने लाख-हजार करून वाचले. धाकटा खो खो हसला. "हा गाढवपणा माझा," तो म्हणाला. "थांबा, दुरुस्त करून दाखवतो. हीच तर गंमत आहे." आणि बोलत बोलत, कुठे काय बदलतोय ते सांगत, त्याने ते दुरुस्त केलं. दुसऱ्यांदा आकडे सुटे सुटे, नीट आले. मुख्याध्यापिकांच्या माईकमधून दोन मुलींच्या टाळ्या ऐकू आल्या.

'बिचारा' कुणीही म्हणालं नाही. तिने चॅट पुन्हा पुन्हा वर-खाली करून पाहिली.

"आम्हाला हाच हवा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "चुकतो तेव्हा का चुकला ते मुलांना कळलं पाहिजे. तुम्ही शाळेत येऊन शिक्षकांना शिकवाल? राहायची व्यवस्था आमच्याकडे. तुमच्या ताई सोबत असतीलच ना, दोघांची खोली तयार ठेवते."

आजवर तो जिथे जिथे गेला, तिथे तीच सोबत गेली होती. दवाखान्यातून रजा घेऊन, बॅग भरून, कधी त्याने न मागताही. आताही मनातल्या मनात ती रजेचा हिशेब करायला लागली होती.

"एकाचीच ठेवा," धाकटा म्हणाला. "मी एकटा येईन."

त्याच्या आवाजात राग नव्हता. फोन ठेवल्याचा आवाज झाला.

प्रत्येक भाषणानंतर वक्त्याचे आभार मानायचे हे हॉलताईचं काम. ते तिने मानले. 'आजचे वक्ते' म्हणाली, भाऊ म्हणाली नाही. शाळा मिळाली होती. तिला जे हवं होतं ते सगळं झालं होतं.

पुढचा वक्ता केव्हाचा ताटकळला होता. "हॅलो, माझा आवाज येतोय का?" त्याने विचारलं.

"येतोय," ती म्हणाली. "करा सुरुवात."

मग तिने आपला माईक बंद केला, बंद झालाय याची खात्री केली, आणि मोठ्याने रडली.