चंद्रीच्या पोटातलं पाणी

वारज्याच्या टेकडीखालच्या वस्तीत रविवारी सकाळी हिंमतरावांच्या गोठ्यापुढे पन्नासेक माणसं जमली होती. महिन्यापूर्वी त्यांची एक शेळी दिवस भरल्यावर व्यायला बसली, भळभळा पाणी आलं आणि पोट सपाट झालं. करडू नाहीच, मेलेलंसुद्धा नाही. आता दुसरी शेळी, चंद्री, तशीच फुगली होती. म्हणून नजर उतरवणाऱ्या नजरबाबांना पाचारण केलं होतं.

बाबांनी चंद्रीच्या पोटावरून मोरपीस फिरवलं.

"जुळी आहेत! दोघांची तोंडं पूर्वेला! पण वस्तीतली एक नजर त्यांना पितेय. मागचं करडूही तिनंच प्यायलं."

त्यांच्या तळहातावरचा नारळ गरगरला आणि शेंडी सोजरबाईंकडे करून थांबला. सोजरबाई शेजारच्या खोलीत एकट्या राहत. त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

"ही बाई आठ दिवसांत वस्तीतून गेली तर करडं येतील. नाहीतर पाणी!"

मागे उभ्या असलेल्या डॉ. सुनीती पुढे आल्या. शेळ्यांच्या प्रजननावर संशोधन करणाऱ्या या पशुवैद्य दर महिन्याला सोनोग्राफीचं छोटं यंत्र घेऊन वस्तीत येत. मागच्या शेळीला काय झालं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. घाईत सांगायचं राहून गेलं. ती घाई आता सोजरबाईंच्या अंगाशी आली होती.

"महाराज, बाई गेल्यावरही पाणीच आलं तर?"

"तर ती उशिरा गेली."

"छान. म्हणजे तुम्ही कधी चुकणारच नाही."

त्यांनी चंद्रीच्या कुशीला जेल लावून यंत्राची दांडी टेकवली. पडद्यावर नुसता काळोख आणि मधे पांढऱ्या रेघा.

"काळं दिसतंय ते पाणी. करडू नाही. शेळीचं अंडं सुटलं की अंडाशयात एक पिवळी गाठ तयार होते. गाभ नसेल तर ती विरते. कधीकधी विरत नाही. मग शरीराला वाटतं गाभण आहे, आणि गर्भपिशवीत पाणी साचत जातं. हा आजार आहे. इंजेक्शननं गाठ विरते, पाणी पडून जातं."

"तुमच्या डब्याला दैवी जीव दिसत नसतात," बाबा म्हणाले.

सुनीतींनी शेजारची गाभण शेळी पुढे घेतली. पडद्यावर बरगड्यांची माळ उमटली आणि आत इवलंसं काळीज लुकलुकू लागलं. गर्दी पडद्याकडे सरकली.

"सोजरबाई, इकडे या. याच्याकडे टक लावून बघा."

"नको गं बाई," त्या पुटपुटल्या. "काही झालं तर?"

"मी आहे ना."

सोजरबाईंनी बघितलं. चांगली पाच मिनिटं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. करडाच्या काळजाचा एकही ठोका चुकला नाही.

हिंमतरावांनी बाबांच्या हातातला नारळ घेऊन ओट्यावर ठेवला. "आता फिरवा, हात न लावता." नारळ जागचा हलला नाही. बाबांना वारज्यातच दुसरीकडे तातडीचं काम निघालं.

इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी चंद्रीचं पाणी गेलं. करडू नव्हतंच. हिंमतराव सोजरबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"चुकलंच माझं. डोकं गहाण टाकलं व्हतं. माफी करा."

"माफी राहू द्या," सोजरबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी शेळीच्या पोटात काय हाय ते शेळीच्या पोटात बघा. माझ्या डोळ्यांत शोधू नका."