राखाडी ठिपका

वाघोलीतल्या आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच काँक्रीट तयार करणारा प्लांट आहे. मी निवृत्त शिक्षक. आठवड्यातून तीन दिवस शाळेतल्या मुलांना विज्ञान शिकवायला जातो, तेही फुकट. फुकट असल्यामुळे अजून कोणी तक्रार केलेली नाही.

ऑगस्टच्या शेवटी अनिरुद्ध शाळेत आला. हा माझा जुना विद्यार्थी. तो आणि त्याचे मित्र शहरभर हवा मोजणारी लहान यंत्रं बसवतात. यंत्रांचे आकडे दर पंधरा मिनिटांनी एका नकाशावर उमटतात, आणि तो नकाशा कोणालाही मोबाइलवर बघता येतो. हवा चांगली असेल तिथे हिरवा ठिपका, वाईट असेल तिथे लाल. त्याने जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र आमच्या गच्चीच्या जिन्याशी बसवून दिलं. गणपती उठले, पाऊस उघडला, आणि आमचा ठिपका लाल झाला तो लालच राहिला.

रोज सकाळी आकडा वाचून फळ्यावर लिहायचं काम सहावीतल्या वल्लरीचं होतं. तिला दमा आहे, दप्तरात कंपासपेटीशेजारी पंप असतो. डॉक्टरांनी तिच्या आईला, शर्मिलाला, स्पष्ट सांगितलं होतं की हा हिवाळा पोरीला या धुळीत काढू देऊ नका. आईवडिलांच्या नोकऱ्या इथे. प्लांट हलला किंवा निदान त्याच्यावर आच्छादन आलं तर वल्लरी इथे राहणार, नाहीतर तिला एकटीला भोरला मामाकडे पाठवायचं, असं घरात ठरलं होतं.

आम्ही प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज केला. सुनावणीची तारीख मिळाली दहा नोव्हेंबर. पत्रात एक अट होती: सुनावणीआधीच्या तीस दिवसांची सार्वजनिक नोंद सोबत आणावी.

"म्हणजे आपला ठिपका साक्ष देणार?" वल्लरीने विचारलं.

"देणार. म्हणून त्याला जपायचं. शाळेतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे ती," मी वर्गाला सांगितलं. मुलांनी ते फार मनावर घेतलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी शाळेत पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. पाटीपूजन आटोपलं होतं. जिन्याशी मुलांचा घोळका होता. यंत्राला झेंडूची माळ होती, हळदीकुंकवाची बोटं होती, खाली रांगोळी होती. आणि यंत्राच्या जाळीखाली, जिथून ते हवा आत ओढतं नेमक्या तिथे, पाच-सहा उदबत्त्या आणि धुपाची वाटी. वल्लरी नाकाला रुमाल लावून लांब उभी होती आणि हातवारे करून सूचना देत होती, "अजून जवळ ठेवा, पडेल ती!"

"मालनबाई, हे काय?" मी विचारलं. मालनबाई शाळेच्या सेविका, इथल्याच जुन्या गावातल्या.

"पूजा हाय सर! घंटेची केली, कॉम्प्युटरची केली, पान्याच्या मोटारीची केली. मग ह्यालाच का उपाशी ठेवायचं? पोरीनंच आठवन केली."

मी धूप उचलून बाजूला नेला. ओरडलो नाही. इतक्या कौतुकाने मांडलेल्या पूजेपुढे मला ओरडता आलं नाही. आणि एका दिवसाचा आकडा बिघडला तर बिघडला, असं मला वाटलं.

तेवढ्यात मोबाइल बघणारी वल्लरी म्हणाली, "सर, आपला ठिपका राखाडी झाला."

अनिरुद्धला फोन लावला.

"सर, रीडिंग एकदम नऊशेच्या वर गेलंय. तिथे आग लागलीये का?"

"पूजा झाली यंत्राची."

"ग्रेट. सेन्सरला प्रसाद पण दिला असेल ना?"

"अनिरुद्ध, तो परत सुरू कर."

"माझ्या हातात नाहीये सर. असा जंप आला की सिस्टिम स्टेशन लॉक करते, ठिपका राखाडी होतो. लोकांना चुकीचा आकडा दिसू नये म्हणून आम्हीच ठेवलेला रूल आहे. आता ते उतरवायचं, साफ करायचं, चांगल्या मशीनशेजारी एकवीस दिवस चालवून बघायचं. मध्ये दिवाळी. नोव्हेंबर अर्धा तरी जाईल."

"दहा तारखेला सुनावणी आहे."

"माहितीये सर," तो म्हणाला. यावेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

मुलांनी मग आपल्या परीने उपाय शोधला. रोज सकाळी भिंतीवर पांढरा कागद चिकटवायचा, संध्याकाळी काढून वहीत लावायचा. महिनाभराचे करडे झालेले कागद वल्लरीने तारखा घालून शिवले. ती वही घेऊन मी आणि शर्मिला सुनावणीला गेलो.

अधिकारी सभ्य होते. त्यांनी वही पूर्ण चाळली, एका कागदावरून बोट फिरवून बोटाकडे पाहिलंसुद्धा. पण प्लांटच्या वकिलांनी नकाशाची छापील प्रत पुढे सरकवली. त्यावर वाघोलीचा ठिपका राखाडी होता, खाली शेवटचा आकडा होता, नऊशेच्या वर, आणि शेरा: नोंद अविश्वसनीय.

"आपण शिक्षक ना?" वकिलांनी मला विचारलं. "मग हे नऊशे कसे झाले, जरा समजावून सांगा."

मी खरं ते सांगितलं. खोलीत कोणीतरी हसलं.

"म्हणजे यंत्रापाशी कोणीही, केव्हाही, काहीही पेटवू शकतं."

"मुलं होती ती," शर्मिला म्हणाली.

"मुलांबद्दल आमची काहीच तक्रार नाही हो, बाई."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "सर, धूळ मला दिसते आहे. पण मुलांची वही मला आदेशाला जोडता येत नाही. यंत्र दुरुस्त करा, नव्याने तीन महिन्यांची नोंद घ्या, मग परत अर्ज करा."

तीन महिन्यांत हिवाळा संपतो. बाहेर आल्यावर शर्मिलाने तिथल्या तिथे भोरला भावाला फोन केला.

शनिवारी वल्लरी दाखला न्यायला आली. रिक्षा फाटकाशी थांबली होती. मागे प्लांट सुरूच होता. मैदानावर कवायतीला उभ्या राहिलेल्या पोरांच्या केसांवर पीठ सांडल्यासारखी धूळ बसत होती. ती माझ्यापाशी आली.

"सर, ठिपका माझ्यामुळे बंद पडला का?"

"अगं, प्लांट काही तुझा नाही."

"ते नाही विचारलं. ठिपका."

आयुष्यभर मुलांना सांगत आलो, प्रश्न नीट ऐका, विचारलंय तेवढ्याचंच उत्तर द्या. ती वाट बघत उभी राहिली, वर्गात राहायची तशीच.

"उदबत्तीच्या धुरामुळे," मी म्हणालो. "त्याला धूळ आणि धूर यातला फरक कळत नाही. हे मी तुम्हांला आधीच सांगायला हवं होतं. जपा म्हणालो, आणि कशापासून जपायचं तेच राहून गेलं."

तिने मान डोलवली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"सांगितलं असतंत ना सर," ती हळूच म्हणाली, "तर आम्ही लांबूनच नमस्कार केला असता."

शर्मिलाने हाक मारली. वल्लरी पंप हातात घेऊन रिक्षाकडे चालू लागली. धावायचं नाही, एवढं तिला सांगावं लागत नव्हतं.